पंख आणि पदर : रूथच्या ग्रंथातील ‘कानाफ’ या शब्दाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

हिब्रू धर्मग्रंथातील रूथचे पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचे व ८५ वचनांचे आहे. एका बैठकीत वाचून होणाऱ्या या कथेची गोडी इतकी सहज आहे की तिच्या रचनेकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. जर्मन कवी गटे याने तिला लहान आकाराच्या काव्यकथांत अत्यंत मनोहर म्हणून गौरविले, आणि तेव्हापासून ‘ग्रामजीवनाचे रम्य चित्र’ हाच तिचा परिचय रूढ झाला. परंतु दुष्काळ, देशांतर, तीन पुरुषांचे मृत्यू, दोन विधवा आणि परक्याच्या शेतातील सरवा, ही ज्या कथेची सामग्री आहे तिला केवळ रम्य म्हणणे पुरेसे नाही.

प्रस्तुत लेखात या ग्रंथातील एकाच शब्दाचा मागोवा घ्यावयाचा आहे. ‘कानाफ’ हा तो शब्द. तो संपूर्ण ग्रंथात दोनदाच येतो : एकदा दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात बवाजाच्या तोंडी, आणि एकदा तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनात रूथच्या तोंडी. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘पंख’ असा होतो, दुसऱ्या ठिकाणी ‘वस्त्राचे टोक’ असा. हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडून वाचावयाचे की एकत्र, यावर या ग्रंथातील ईश्वरविचाराचे स्वरूप अवलंबून आहे, आणि मराठी भाषांतरकारापुढील एक अवघड प्रश्नही त्यातूनच उद्भवतो.

२. कथेची पूर्वपीठिका

शास्त्यांच्या काळी बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख हा गृहस्थ पत्नी नामी व दोन पुत्र यांना घेऊन मवाब देशी जातो. दुष्काळात गाव सोडून परमुलखी जाण्याला आपल्याकडे ‘जगायला जाणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातील वाचकास त्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८७६ ते १८७८ व १८९६-९७ या वर्षांचे दुष्काळ आणि १९७२ ची अवर्षणाची आपत्ती या भागाच्या स्मरणातून गेलेली नाही. या कथेतील उपरोध असा की जगायला गेलेले कुटुंब तेथेच मरते. प्रथम पती आणि नंतर दोन्ही मुलगे जातात. मागे उरतात त्या नामी आणि तिच्या दोन मवाबी सुना, अर्पा व रूथ. गावी पाऊसपाणी झाल्याचे ऐकून नामी परत निघते. अर्पा माहेरी परतते, रूथ मात्र सासूचा पदर सोडीत नाही.

बेथलेहेमास पोहोचताच नामी आपल्या नावाचा त्याग करिते. ‘नामी’ म्हणजे रमणीय. आपणास ‘मारा’ म्हणजे कडू म्हणावे असे ती गावच्या स्त्रियांना सांगते. भरलेली गेले व रिती आले, असे तिच्या दुःखाचे सार आहे. यातील ‘रेकाम’ म्हणजे ‘रिते’ हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

ग्रंथाच्या रचनाकालाविषयी विद्वानांत एकमत नाही. काही अभ्यासक तो राजेशाहीच्या काळातील मानतात. काहींच्या मते तो बाबिलोनच्या बंदिवासानंतरचा असून एज्रा व नहेम्या यांनी परक्या स्त्रियांशी झालेल्या विवाहांविरुद्ध जी कठोर भूमिका घेतली तिला दिलेले ते शांत उत्तर आहे. चौथ्या अध्यायात पायतण काढून देण्याची जुनी रीत निवेदकाला समजावून सांगावी लागते, त्यावरून कथाकाल व लेखनकाल यांत अंतर आहे इतके मात्र निश्चित म्हणता येते. हिब्रू परंपरेत हा ग्रंथ ‘लेख’ या तिसऱ्या विभागात मोडतो व शाबुओथ या सुगीच्या सणाला वाचला जातो. ग्रीक व ख्रिस्ती परंपरेत तो शास्त्यांच्या ग्रंथानंतर ठेविलेला आहे.

३. सरवा : हक्क आणि कृपा

दुसऱ्या अध्यायात रूथ सरवा वेचावयास निघते. कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसे गोरगरिबांनी वेचून नेणे ही आपल्या परिचयाची गोष्ट आहे. आपल्याकडे सरवा हा बहुतांशी धन्याच्या मर्जीचा विषय होता. बलुत्याचा खळ्यावरील वाटा हा हक्क होता खरा, परंतु तो गावकीच्या कामाच्या मोबदल्याचा हक्क होता. मोशेच्या धर्मशास्त्रातील तरतूद याहून निराळी आहे. लेवीय १९ व २३ आणि अनुवाद २४ या अध्यायांनुसार शेताचा कानाकोपरा कापावयाचा नाही, गळालेली कणसे पुन्हा वेचावयाची नाहीत, विसरलेली पेंढी आणण्यासाठी माघारी जावयाचे नाही. ते सर्व गरीब, उपरा, पोरका व विधवा यांचे आहे. येथे हक्काचा आधार सेवा हा नसून गरज हा आहे. रूथ विधवाही आहे आणि उपरीही. तरीसुद्धा ज्याच्या दृष्टीस आपण कृपापात्र ठरू त्याच्या मागे वेचीन, असेच ती सासूला सांगते. कायद्याने दिलेला हक्क परक्या स्त्रीला प्रत्यक्षात कितपत मिळतो, याची जाणीव या एका वाक्यात आहे. बवाजाने आपल्या गड्यांना तिला हात न लावण्याची ताकीद द्यावी लागते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ती बवाजाच्या शेतात येते ती ‘मिक्रे’ने, म्हणजे योगायोगाने, असे निवेदक म्हणतो. बवाज तिची विचारपूस करितो आणि तिने आईबाप व जन्मभूमी सोडल्याचा गौरवाने उल्लेख करितो. या शब्दांतून अब्राहामाच्या प्रस्थानाची आठवण जागी होते. मवाबी स्त्रीला मूळपुरुषाच्या पंक्तीस बसविण्याचा हा निवेदकाचा मार्ग आहे. त्यानंतर बवाज आशीर्वाद देतो : इस्राएलाचा देव परमेश्वर, ज्याच्या पंखांखाली ती आश्रयास आली आहे, तो तिला पुरे वेतन देवो. ‘कानाफ’ हा शब्द येथे प्रथम येतो.

आशीर्वाद सुंदर आहे आणि बवाज कृपणही नाही. तो तिला जेवणात वाटा देतो, पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गाळून ठेवावयास सांगतो. पहिल्याच दिवशी ती सुमारे एक एफा, म्हणजे अदमासे २० लिटर जव घरी नेते. परंतु हा अध्याय कसा संपतो ते पाहावे. जवाची सुगी सरते, गव्हाचीही सरते, आणि रूथ सासूपाशी राहते. सुगी संपली की सरवाही संपतो. आशीर्वाद देणारा सद्गृहस्थ आपल्या घरी आणि दोन विधवा आपल्या घरी, अशी ही स्थिती आहे. तिसऱ्या अध्यायाचा जन्म या कोंडीतून होतो.

४. खळ्यावरील रात्र

नामी बेत आखते. बवाज त्या रात्री खळ्यावर जव उफणणार आहे. रूथने न्हाऊन, सुगंध लावून, अंगावर वस्त्र घेऊन तेथे जावे. तो जेवून राशीशेजारी निजला म्हणजे त्याच्या पायांकडील पांघरूण काढून तेथे निजावे. पुढे काय करावयाचे ते तोच सांगेल. रास राखण्यासाठी खळ्यावर निजणारा शेतकरी आणि वाऱ्याची वेळ साधून केलेली उफणणी, हे चित्र ज्वारीच्या मुलखातील वाचकास घरचेच वाटेल.

या प्रसंगाची भाषा जाणूनबुजून संदिग्ध ठेविली आहे. ‘निजणे’ या अर्थाचा ‘शाखव’ हा धातू एकट्या तिसऱ्या अध्यायात ८ वेळा येतो, आणि हिब्रूत त्याला स्त्रीपुरुषसंबंधाची छटा आहे. ‘पाय’ या शब्दालाही तशीच छटा असू शकते. मध्यरात्री दचकून जागा होतो तो ‘पुरुष’ आणि पायांशी आढळते ती ‘स्त्री’. अंधारात निवेदकाने दोघांचीही नावे पुसून टाकली आहेत. मात्र बवाज तिला सकाळपर्यंत थांबावयास सांगतो तेव्हा निवेदक क्रियापद बदलतो. तेथे ‘लून’ म्हणजे ‘मुक्काम करणे’ हा धातू येतो, आणि हाच धातू पहिल्या अध्यायातील रूथच्या प्रतिज्ञेत, सासूच्या मुक्कामी मुक्काम करण्याच्या वचनात, येऊन गेलेला आहे. संदिग्धता निर्माण करणे आणि नेमक्या क्षणी शब्दपालटाने तिच्यावर निष्ठेचा प्रकाश टाकणे, हे या निवेदकाचे वैशिष्ट्य होय.

बवाज विचारतो, तू कोण? रूथ आपले नाव सांगते; नावापुढे ‘मवाबी’ हे विशेषण लावीत नाही. किंबहुना दुसऱ्या व चौथ्या अध्यायात वारंवार येणारे ते विशेषण या अध्यायात एकदाही येत नाही. दुसऱ्या अध्यायात तिने स्वतःस प्रथम ‘परकी’ व मग ‘शिफ्हा’ म्हणजे बटकी म्हटले होते. येथे ती ‘आमा’ हा शब्द योजते. हाही दासीवाचकच शब्द, परंतु घरधन्याशी विवाह शक्य असणाऱ्या स्त्रीस तो लागू पडतो असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यावर बवाज तिला ‘एशेत हयिल’ म्हणजे थोर गुणांची स्त्री म्हणतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी बवाजाचे वर्णन याच ‘हयिल’ शब्दाने झाले होते. परकी ते समतुल्य हा प्रवास चार शब्दांत पुरा झाला आहे.

परंतु या संवादाचे मर्म याहून पुढे आहे. पुढे काय करावयाचे ते पुरुष सांगेल, असे नामीने बजाविले होते. रूथ त्याच्या सांगण्याची वाट पाहत नाही. त्याने आपले ‘कानाफ’ आपल्या दासीवर पसरावे, कारण तो ‘गोएल’ आहे, असे तीच त्याला सांगते.

५. ‘कानाफ’चे अर्थ

‘कानाफ’ म्हणजे पक्ष्याचा पंख. त्यावरून कोणत्याही वस्तूची कडा अथवा टोक : गणना १५ मध्ये वस्त्राच्या ज्या टोकांना गोंडे लावावयाचे ती टोके, यशया ११ मध्ये पृथ्वीचे चार कोन. स्तोत्रांमध्ये ईश्वराच्या पंखांची छाया ही आश्रयाची नेहमीची प्रतिमा आहे. दुसऱ्या बाजूस, पुरुषाने स्त्रीवर आपले ‘कानाफ’ पसरणे हा विवाहाचा संकेत आहे. यहेज्केल १६ मध्ये स्वतः परमेश्वर यरुशलेमरूपी कन्येवर आपले ‘कानाफ’ पसरून तिच्याशी करार करितो. तेथे तर ईश्वराच्या हाती पंख नव्हे, वस्त्राचे टोकच आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यानेही रूथच्या विनंतीचा अर्थ वस्त्राचे टोक असाच देऊन ही विवाहाची भाषा असल्याचे म्हटले आहे. अरामी तार्गुमाने तर प्रतिमा बाजूस सारून थेट विवाहाचाच उल्लेख केला.

अर्थ निश्चित करण्यात म्हणून फारशी अडचण नाही. अडचण आहे ती निवड समजून घेण्याची. वस्त्रासाठी हिब्रूत दुसरे शब्द असता रूथ नेमका हाच शब्द का उच्चारते? याचे उत्तर एकच संभवते. बवाजाने शेतात उच्चारलेला शब्द ती खळ्यावर त्याला परत करीत आहे. त्याने ईश्वराच्या पंखाचा हवाला दिला होता; ती म्हणते की तो पंख म्हणजे तुझ्या वस्त्राचे टोक. आशीर्वाद देणाऱ्याने त्या आशीर्वादाचे उत्तरदायित्व स्वीकारावे, असा हा विनम्र परंतु निर्भय आग्रह आहे.

‘गोएल’ या शब्दाने हा आग्रह अधिकच बळावतो. लेवीय २५ नुसार गोएल म्हणजे आप्ताची विकली गेलेली जमीन सोडविणारा जवळचा नातलग. निपुत्रिक विधवेशी दिराने विवाह करावा हा नियम निराळा, तो अनुवाद २५ मधील. आपल्या धर्मशास्त्रातील नियोगाशी त्याचे साम्य दिसते, परंतु भेदही मोठा आहे : गौतमाने मान्य केलेला व मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात विधान आणि निषेध या दोहोंचा विषय झालेला नियोग हा विवाह नव्हे, तर येथे पूर्ण विवाह अभिप्रेत आहे. बवाज रूथचा दीर नाही, आणि जमीन सोडविणाऱ्या गोएलाने विधवेशी विवाह करावा असे कायदा कोठेही म्हणत नाही. रूथने दोन स्वतंत्र नियमांची गाठ मारिली आहे. कायद्याच्या अक्षराहून त्याच्या हेतूला ती अधिक जवळ आहे. अक्षराच्या आत राहणारा मनुष्य चौथ्या अध्यायात येतोच. तो जवळचा नातलग जमीन घ्यावयास तयार होतो, पण विवाहाचे नाव निघताच माघार घेतो. निवेदक त्याचे नावही देत नाही. त्याला ‘पलोनी अल्मोनी’ म्हणतो. आपला ‘फलाणा’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द याच सेमिटिक ‘पलोनी’चा आप्त होय.

६. ईश्वर कोठे आहे?

या ग्रंथात ईश्वर बोलत नाही. त्याचा दूत येत नाही. चमत्कार घडत नाही. त्याच्या प्रत्यक्ष कृतीचे उल्लेख दोनच : आरंभी त्याने आपल्या लोकांस अन्न दिल्याची वार्ता, आणि अखेरीस रूथला गर्भ राहणे. या दोहोंच्या मध्ये सर्व काही माणसे करितात. तेव्हा हा ग्रंथ ईश्वरी नियतीचा मानावा की मानवी सद्वर्तनाचा, असा वाद अभ्यासकांत आहे.

या वादाची किल्ली ‘हेसेद’ या शब्दात आहे. तो तीन वेळा येतो. नामी सुनांना निरोप देताना, त्यांनी केलेल्या हेसेदाप्रमाणे परमेश्वरानेही त्यांच्याशी हेसेद करावा, असे म्हणते. येथे माणसाची कृती ही ईश्वराच्या कृतीचे माप झाली आहे. खळ्यावर बवाज रूथच्या हेसेदाची प्रशंसा करितो. दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात, ज्याने जिवंतांवरील व मृतांवरील आपला हेसेद सोडिला नाही त्याचा नामी उल्लेख करिते. परंतु ‘ज्याने’ म्हणजे परमेश्वराने की बवाजाने, हे हिब्रू वाक्यरचनेवरून ठरविता येत नाही. बहुतेक भाष्यकार दोहोंपैकी एक पर्याय निवडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही संदिग्धता हा ग्रंथाचा दोष नसून सिद्धान्त आहे. ‘कानाफ’ने दोन वचनांत जे साधले तेच येथे एका वाक्यात साधले आहे.

मिद्राशातील रूथ रब्बा या ग्रंथात रब्बी झेइरा यांचे मत नमूद आहे, त्याचा आशय असा : या पोथीत शुद्ध-अशुद्ध किंवा विहित-निषिद्ध यांविषयी काहीही नाही, हेसेद करणाऱ्यांना किती मोठे फळ मिळते ते शिकविण्यासाठीच ती लिहिली गेली. पहाटे बवाज रूथच्या वस्त्रात सहा मापे जव घालतो आणि सासूकडे ‘रेकाम’ म्हणजे रिती जाऊ नकोस म्हणतो, तेव्हा नामीच्या जुन्या विलापाला उत्तर मिळते. हे उत्तरही आकाशातून येत नाही. ते खळ्यावरून येते.

या अर्थाला एक मर्यादाही आहे, ती दृष्टिआड करता येणार नाही. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. वेशीत पुरुषांचा व्यवहार होतो, ‘मवाबी’ हे विशेषण परत येते, आणि मूल जन्मल्यावर शेजारणी म्हणतात की नामीला पुत्र झाला. ज्या स्त्रीने शब्द दिला तीच निःशब्द होते. वंशावळीत दाविदाचे नाव येते, तेथे रूथचे येत नाही. त्याच शेजारणी तिला सात पुत्रांहून अधिक म्हणतात, हे खरे. तरी पदराखाली आल्याचे मोलही तिला द्यावे लागले, असे म्हणणाऱ्या आधुनिक समीक्षकांचा आक्षेप निराधार नाही.

७. मराठी भाषांतराचा प्रश्न

प्राचीन भाषांतरांत या जोडशब्दाची गत निरनिराळी झाली. ग्रीक सेप्तुआगिंताने ‘प्तेरुगास’ व ‘प्तेरुगिऑन’ असे एकाच मूळचे शब्द योजून दुवा राखला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात पहिल्या ठिकाणी पंख आणि दुसऱ्या ठिकाणी अंगरखा आला, आणि दुवा तुटला.

मराठीत काय करावे? प्रथमदर्शनी ‘पदर’ हा शब्द वरदानासारखा भासतो. उपरण्यालाही पदर असतो. ‘पदरी असणे’, ‘पदरात घेणे’ यांत आश्रयाचा भाव आहे. परंतु रूथच्या तोंडी ‘पदर पसर’ असे घातले की अर्थ उलटा होतो, कारण मराठीत पदर पसरतो तो याचक! ‘पांघरूण घाल’ म्हणावे तर ते दोष झाकण्याचे बोल होतात, आणि मध्यरात्रीच्या त्या प्रसंगी नको तो अर्थ पुढे येतो. माझ्या मते ‘पाखर’ हा शब्द अधिक उपयोगी आहे. पक्षीण पिलांवर पाखर घालते आणि वडीलधारे मायेची पाखर घालतात. शेतात परमेश्वराची ‘पाखर’ आणि खळ्यावर ‘शेल्याची पाखर’ असे योजिल्यास पंख व वस्त्र दोन्ही राहतात, शब्दही एकच राहतो.

हा प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. दुष्काळात आईबाप गमावलेली, १८८२ मध्ये वैधव्य आलेली आणि पुढे दुष्काळातील निराश्रित स्त्रियांना आश्रय देणारी ही संस्कृतज्ञ विदुषी रूथची कथा मराठीत आणीत होती. आश्रय या शब्दाचा अर्थ तिला कोशात पाहावा लागला नसेल.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एका कथेचे स्मरण होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली आणि त्यांचा भरणा करण्यासाठी विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारी गेला, अशी कथा परंपरेने जपली आहे. तेथे माणूस पुढे होतो आणि ईश्वर त्याच्या मागून येऊन ऋण फेडितो. रूथच्या ग्रंथात ईश्वर रूप धारण करीत नाही, वेशही पालटीत नाही. त्याचा पंख म्हणून जे काही आहे ते खळ्यावर निजलेल्या एका शेतकऱ्याच्या अंगावरचे वस्त्र आहे, आणि ते पसरावयाचे की नाही हे त्या शेतकऱ्यास ठरवावयाचे आहे. दोन्ही कथांच्या मुळाशी दुष्काळ आहे आणि उघडलेले धान्य आहे. तुलनात्मक अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या दोहोंतील साम्यापेक्षा या भेदापासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते.